स्वस्त दारूचा हिशेब

गेल्या महिन्यात इंदूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव गेली बारा-तेरा वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीस आहेत. सुट्टीत आईकडे आले असता ते तिकडच्या एका मराठी मित्राशी दूरध्वनीवर बोलत होते. "दारू फार महाग झाली आहे रे, थोडी थोडी वापरून भागेल अशी एखादी स्वस्त सांग," हे वाक्य स्वयंपाकघरात ऐकू गेले आणि मातोश्रींच्या हातातील झारा तसाच राहिला. घराण्यात सात पिढ्यांत कोणी थेंब घेतलेला नाही! मग उलगडा झाला की ही दारू बाटलीतली नव्हे, बंदुकीची. चिरंजीव तेथे रायफल क्लबाचे सभासद आहेत, शिशाच्या गोळ्या घरी ओततात, काडतुसे स्वतः भरतात आणि रविवारी लक्ष्यावर नेम धरतात. उलगड्याने काळजी कमी होण्याऐवजी दुपटीने वाढली. "आपण महूला राहता, शिवाय मराठीचे अध्यापक आहात, तेव्हा हे काय प्रकरण आहे ते समजेल अशा भाषेत लिहावे," अशी त्यांची आज्ञा आहे.

महूत राहणारा प्रत्येक मनुष्य तोफखान्यात असतो, असा इंदूरकरांचा एक समज आहे. तो खरा नाही. मात्र पायदळाची शाळा आणि लष्कराचे नेमबाजी पथक जेथे आहे, त्या गावात आयुष्य गेलेल्या माणसाला हा विषय अगदीच परका राहत नाही, हेही खरे. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे विजय कुमार याच पथकात तयार झाले. माझ्या शाळेत निवृत्त सुभेदारांची नातवंडे शिकतात आणि पालकसभा संपल्यावर गप्पा अभ्यासाच्या होतातच असे नाही. तेव्हा भगिनींची आज्ञा शिरसावंद्य.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू, कारण आमची खरी भाकरी तीच. दारू हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध. हिंदीतला दवा-दारू हा जोडशब्द तोच अर्थ जपून आहे. चिनी लोकांनी सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाला जे नाव दिले, त्याचाही शब्दशः अर्थ अग्नीचे औषध असा होतो. आपल्या शेजारच्या कन्नडात औषधाला आणि बंदुकीच्या दारूला मद्दु हा एकच शब्द आहे. तेलुगूत तर मंदु म्हणजे औषध, मद्य आणि बंदुकीची दारू हे तिन्ही! म्हणजे मातोश्रींचा जो घोटाळा झाला, तो अर्ध्या हिंदुस्थानात होऊ शकला असता. काडतूस आपण पोर्तुगिजांकडून घेतले, बंदूक अरबीतून आली. पण ठासून भरणे, बत्ती देणे, बार फुसका निघणे हे वाक्प्रचार मात्र मराठी माणसाने स्वतःच्या अनुभवातून घडविले. फुसका बार हा तर स्वस्त दारूचाच परिणाम. भाषेने तो नोंदवून ठेवला.

आता चिरंजिवांचा उद्योग. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपतात. पुंगळी उरते आणि पितळ ही काडतुसातील सर्वांत महागडी वस्तू. अमेरिकेत ती पुंगळी जपून ठेवून पुनःपुन्हा भरण्याची जुनी रीत आहे आणि तेथील कायदा तिला मोकळीक देतो. गोळीही विकत न घेता भंगारातले शिसे वितळवून, त्यात थोडे कथील व अँटिमनी मिसळून, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतली, तर खर्च आणखी घटतो. उरल्या दोन वस्तू, टोपी आणि दारू. या दोहोंना घरगुती पर्याय नाही. २०२० नंतर अमेरिकेत दोहोंची मोठी टंचाई झाली आणि दारूचे भाव जे चढले, ते पूर्वीच्या जागी आले नाहीत. म्हणून ते दूरध्वनीवरचे वाक्य.

स्वस्त दारू म्हणजे कमी किमतीचा डबा, असे आपण सहज समजतो. तसे नाही. दारूचे माप ग्रेनमध्ये करतात आणि एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. एका बाराला ५० ग्रेन लागणारी दारू घेतली, तर पौंडात १४० बार. दहाच ग्रेन लागणारी घेतली, तर ७००. डबा ४० डॉलरचा धरला, तर पहिल्या बाराला सुमारे २९ सेंट पडतात आणि दुसऱ्याला सहाहूनही कमी. (हे आकडे त्रैराशिक समजावे एवढ्यापुरतेच घेतले आहेत, भरण्याचे माप म्हणून नव्हे.) तेव्हा किंमत डब्यावर नाही, मापात आहे. आमच्या घरातील कोणतीही गृहिणी हिंग विकत घेताना हाच हिशेब करते.

परंतु थोडी दारू वापरायची की पुष्कळ, हे ठरविणार कोण? भरणारा नव्हे, गोळी ठरविते. कारखान्यातील गोळीला तांब्याचे कवच असते, ती प्रचंड दाब आणि वेग सोसते. ओतलेली शिशाची गोळी उघडी असते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि नखाने ओरखडा उठावा इतके मऊ असते. रायफलच्या नळीत पेचदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. मऊ गोळीला जोराचा धक्का दिला, तर ती त्या खाचा धरीत नाही, सोलवटून निघते. कडेने निसटणारा तप्त वायू तिची बाजू खातो आणि शिशाचा थर नळीला आतून चिकटून बसतो. मग नेम जातो, आणि नळी खरवडण्यात रविवार जातो. म्हणून शिशाच्या गोळीला बेताचा रेटा हवा. असा रेटा, लहान मापात आणि दर वेळी सारखा, झटपट जळणारी दारू देते. अशा दारवा मुळात छऱ्यांच्या बंदुकीसाठी किंवा पिस्तुलासाठी केलेल्या असतात. अमेरिकेतली युनिक ही १९०० च्या सुमाराची आणि रेड डॉट ही १९३० च्या दशकातील नावे त्यांतलीच. शिसे ओतणाऱ्यांच्या तीन पिढ्यांना ती पाठ आहेत. रायफलसाठी केलेली सावकाश जळणारी दारू थोडी थोडी घालून काटकसर करू म्हटले, तर ती साधत नाही. तिला पूर्ण मापाचा दाब मिळाला नाही की ती अर्धवट जळते, बार कमी-जास्त होतात, आणि काही दारवांच्या बाबतीत कमी माप हेच धोक्याचे ठरते.

दारू किती वेगाने जळेल हे तिच्या दाण्यावर अवलंबून असते. दाणा बारीक, तर जळायला पृष्ठभाग अधिक आणि ज्वलन झटपट. दाणा जाड, तर सावकाश. आजच्या दारूत पापडीसारखे, मोहरीसारखे, बारीक शेवयांच्या तुकड्यांसारखे असे नाना आकार असतात आणि ज्वलन मंद करणारे लेपही दिलेले असतात. पण तत्त्व जुनेच आहे. तोफेला जाड दाण्याची दारू, बंदुकीला मध्यम आणि कानावर टाकायची रंजक पिठासारखी, हा भेद आपल्या तोफखान्यांनाही ठाऊक होता. रंजक नुसतीच भुर्रकन उडाली आणि आतला बार तसाच राहिला, असा प्रकार तेव्हा नित्याचा.

आपल्या लोकांना दारू स्वस्त कधीच पडली नाही. दारूचा मोठा भाग सोऱ्याचा. सोरा जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या मातीतून धुऊन, उकळून काढीत. त्याचे सर्वांत मोठे आगर बिहार, आणि प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, तेथील सोऱ्याचा मक्ता इंग्रजांच्या कंपनीने मीर जाफरकडून मिळविला. गंधक तर या देशात नावापुरताच. तो समुद्रमार्गे यायचा. शिसेही बरेचसे परदेशी जहाजांतून उतरायचे. म्हणजे लढाई ज्यांच्याशी व्हायची, पुष्कळदा माल त्यांच्याच वखारीतून घ्यावा लागे. अशा स्थितीत दारूची काटकसर ही खजिन्याची बाब राहत नाही, राज्याची होते. मराठी लष्करात तोफा आणि बंदुका नाना घाटांच्या, नाना मुखांच्या असत. प्रत्येकीची गोळी निराळी, माप निराळे. एकाच मापाच्या बंदुका असणाऱ्या पलटणीला जी काटकसर आपोआप साधते, ती येथे साधणे कठीण होते. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉइनने कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडून तोफा-बंदुका घडवून घेतल्या, त्याचे महत्त्व यासाठी. यशवंतराव होळकर अखेरच्या काळात आमच्याच माळव्यात, भानपुऱ्याला, तोफा ओतण्याच्या भट्टीवर स्वतः उभे राहत. १८११ मध्ये ते तेथेच वारले. सहा वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरला होळकरांच्या तोफखान्याने इंग्रजांची पुष्कळ हानी केली तरी लढाई गेली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. आणि त्याच वर्षी महूची छावणी वसली. आमच्या गावाचा जन्म असा पराभवातून आहे. (इंग्रजी आद्याक्षरे जुळवून महू नावाची जी फोड सांगतात, ती नंतरची गंमत आहे. विद्यार्थी ती उत्तरपत्रिकेत लिहितात. मी गुण देत नाही.)

दारू सांभाळावी कशी, याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे ते मात्र आजही कोणत्याही रायफल क्लबाच्या भिंतीवर लावावे असे आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र एम्. ए. ला आम्हांला राजनीतीचा ग्रंथ म्हणून नेमलेले होते. पण त्यातले दुर्गप्रकरण वाचताना मला नेहमी वाटे की हा मनुष्य उत्तम गृहिणीसारखा लिहितो. १७१५ च्या या ग्रंथात दारूखान्याविषयी जे सांगितले आहे त्याचा आशय असा: दारूखाना वस्तीजवळ नसावा, सदरेपासून अंतरावर जागा पाहून बांधावा, भोवती दाट झाडांचे कुंपण असावे, आत तळघर करून, गच्च बांधून, त्यात दारू मडक्यांत ठेवावी, ओल लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, पहारा सतत असावा. तीनशे वर्षे झाली, यातला एकही शब्द जुना झालेला नाही. एवढीच पुस्ती जोडायची की ऊन देण्याचा नियम काळ्या दारूचा. सोरा ओल धरतो म्हणून तिला उन्हाची गरज. आजची निर्धूम दारू, जिचा शोध फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये लावला, ती उष्णतेने बिघडते. तिला थंड, कोरडी जागा लागते. आंबूस तीव्र वास किंवा तांबूस वाफ येऊ लागली, तर ती दारू वापरायची नसते. दोन दारवांची जातच वेगळी आहे, एकीच्या जागी त्याच मापाने दुसरी भरणे म्हणजे बंदूक फोडणे होय.

सैन्यातील जुन्या शिल्लक मालाचा मोह येथे लक्षात येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराची उरलेली दारू ब्रूस हॉजडन नावाच्या कॅन्ससच्या गृहस्थांनी घाऊक विकत घेतली आणि किरकोळ विकून मोठी पेढी उभी केली. एका पिढीने त्या स्वस्त दारूवर नेमबाजी केली. तो माल ओळखीचा आणि तपासलेला होता. पण कुणा म्हाताऱ्या सभासदाच्या माळ्यावरचा, चिठ्ठी निघालेला डबा स्वस्तात मिळतो तेव्हा तो घेऊ नये. निर्धूम दारवा दिसायला एकमेकींसारख्या असतात. रंगावरून आणि दाण्यावरून ओळख पटली असे म्हणणारा मनुष्य धाडसी असेल, जाणता नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि भगिनींनी ती चिरंजिवांना अवश्य वाचून दाखवावी. थोड्या मापात काम करणारी दारू रायफलच्या मोठ्या पुंगळीत तळाशी चमचाभर दिसते. वरची सारी जागा रिकामी. भरताना लक्ष विचलित झाले, कुणी हाक मारली, दूरध्वनी वाजला, आणि त्याच पुंगळीत माप दुसऱ्यांदा पडले, तर ते सहज मावते. वरून गोळी बसते. बाहेरून काही कळत नाही. तो बार खांद्याशी, डोळ्यापासून वीतभर अंतरावर फुटतो. म्हणजे जी दारू हिशेबात सर्वांत स्वस्त, तीच चूक झाकून ठेवण्यात सर्वांत वाईट. म्हणून अनुभवी मंडळी शक्यतो फुगीर दारू निवडतात. तिचे एक माप पुंगळीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापते आणि दुसरे माप पडले तर उतू जाते. बाराला तीन-चार सेंट अधिक पडले तरी हरकत नाही. शिवाय पन्नास पुंगळ्या लाकडी फळीत उभ्या करून, गोळ्या बसविण्यापूर्वी दिव्याच्या प्रकाशात प्रत्येकीच्या आत पाहायचे. माझ्या परिचयातील एक निवृत्त सुभेदार-मेजर म्हणत, "सर, मोजणाऱ्याने बोलायचे नाही आणि बोलणाऱ्याने मोजायचे नाही." परीक्षेच्या गुणपत्रिका तयार करताना मी ही पाटी स्टाफरूममध्ये लावली आहे. आणि माप हे दारू बनविणाऱ्या कारखान्याच्या छापील पुस्तकातूनच घ्यावे. मित्राने सांगितलेले माप हे मित्राच्या बंदुकीचे असते.

वंगणाचे प्रकरण राहिले. शिशाची गोळी नळीतून सुरळीत जावी म्हणून तिला मेण आणि चरबी किंवा तेल यांचे वंगण लावतात. चिरंजीवही लावत असतील. या वंगणाच्या काटकसरीने आपला इतिहास हलविला आहे. १८५७ साली एन्फिल्ड रायफल आली. तिच्या नळीत खाचा, म्हणून काडतुसाला वंगण आवश्यक. कलकत्त्याच्या कारखान्यासाठी चरबीचे जे कंत्राट दिले गेले, त्यात चरबी कोणत्या जनावराची हे स्पष्ट केलेले नव्हते. कंत्राटदार कोणती चरबी देतो याची विचारपूस ज्यांनी करायची, त्यांनी ती केली नाही. जानेवारीत डमडमला कुजबूज सुरू झाल्यावर शिपायांनी आपापले तेल-मेण लावावे अशी मुभा दिली गेली. पण तोवर विश्वास गेला होता. काडतूस दातांनी फाडायचे होते! आमच्या महूच्या पलटणीने १ जुलै १८५७ च्या रात्री शस्त्र उचलले. त्याच दिवशी इंदुरात रेसिडेन्सीवर हल्ला झाला. कोकणातून मथुरेच्या यज्ञासाठी निघालेल्या विष्णुभट गोडशांना काडतुसांची कथा शिपायांच्या तोंडून कळली, ती याच महूच्या परिसरात. 'माझा प्रवास' हे पुस्तक ज्या घरी नसेल, त्या घरी ते असावे. झाशीच्या वेढ्यात दारूच्या कारखान्यावर गोळा पडून जो अनर्थ झाला त्याचे वर्णन वाचल्यावर अमात्यांनी दारूखाना वस्तीपासून दूर का नेला, हे शिकवावे लागत नाही.

आणि हे केवळ इतिहासातले नाही. भुसावळजवळचे वरणगाव, पुण्याची खडकी, भंडारा, आमच्या मध्यप्रदेशातले इटारसी येथील कारखान्यांत आपली किती मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या काम करीत आली आहेत. खडकीचा कारखाना १८६९ चा. हे सारे २०२१ पासून पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली. त्याआधी ६ फेब्रुवारी २०२४ ला हरद्याच्या फटाका कारखान्यातील स्फोटाने शेजारची घरेही गेली. वस्तीला लागून दारूचा साठा, म्हणजे अमात्यांच्या पहिल्याच वाक्याचा भंग. जखमींना घेऊन रुग्णवाहिका भोपाळ-इंदूरकडे धावल्या. बेरछ्याच्या रेंजवरून पितळ-लोखंडाचे भंगार वेचून आणणाऱ्यांच्या घरी न फुटलेला गोळा फुटल्याची बातमी आमच्या तालुक्यात अधूनमधून येते. तेथे किलोमागे मिळणाऱ्या चार पैशांसाठी माणसे जातात. पाचवी-सहावीच्या मुलांना मी वर्षातून एकदा हा पाठ देतो: पडलेली धातूची वस्तू उचलायची नाही, लाथही मारायची नाही, मोठ्या माणसाला सांगायचे. पाठ्यपुस्तकात तो नाही.

गोळीचा खर्च परवडत नाही, ही तक्रार आपल्या नेमबाजांचीही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्यांचे वडील शिक्षक. सरावाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते, आणि एक मास्तर म्हणून ते वाचताना माझा घास क्षणभर अडला. त्या स्पर्धेतली लहान गोळीही उघड्या शिशाचीच असते, मेणचट वंगण लावलेली. फरक असा की ते काडतूस घरी भरता येत नाही. जसे मिळेल तसे, मिळेल त्या भावाला घ्यावे लागते. ओहायोतील चिरंजीव या बाबतीत सुदैवी म्हणायचे.

भगिनींनी चिरंजिवांना काय विचारावे? दारूपेक्षा मी शिशाची चौकशी अधिक करीन. शिसे कोठे वितळवितात? स्वयंपाकघरात तर नाही ना? ज्या भांड्यात शिसे एकदा वितळले, ते पुन्हा अन्नाला लावायचे नसते. खोली उघडी, हवा खेळती हवी. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची वाफ होऊन शिसे उसळते. तेव्हा डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, पायांत जोडे. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय घास घ्यायचा नाही, आणि ते कपडे निराळे धुवायचे. घरी लहान नात आहे असे पत्रात आहे. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि अमुक इतके शिसे निर्धोक, अशी मर्यादा वैद्यकाला आजवर सापडलेली नाही. म्हणून तिला त्या खोलीत प्रवेश नको. चिरंजिवांनी वर्षातून एकदा रक्तातील शिसे तपासून घ्यावे. दारू मूळ डब्यातच, मूळ चिठ्ठीसह, कुलपात. टेबलावर एका वेळी एकच डबा. दोन डब्यांतली उरलीसुरली दारू एकत्र करायची नाही. याची उत्तरे समाधानकारक आली, तर आईने निर्धास्त झोपावे. रस्त्यावर मोटार हाकण्यापेक्षा हा छंद भयंकर नाही.

एक गोष्ट मात्र येथे येताना. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनविणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि दारूला १८८४ चा स्फोटक कायदा लागू आहे. तिकडची मोकळीक विमानात बसताना तिकडेच राहते. रायफल क्लबाला नेलेली पिशवी पुढे प्रवासाला वापरली, आणि तिच्या अस्तरात एखादे काडतूस राहून गेले, तर विमानतळावर यंत्राला ते दिसते. मग पोलीस, जबाब, वकील आणि सुट्टीचे पंधरा दिवस कोर्टकचेरीत, असे प्रकार भल्या माणसांच्या बाबतीत घडलेले आहेत. दिवाळीला चिरंजीव येणार आहेत असे पत्रात आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक पिशवीचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. रिकामी पुंगळीसुद्धा बरोबर नको.